लहान नौकेवर ऊन पाणी

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गांत उष्णतेचें प्रकरण चाललें होतें. एंजिनांत जाळलेल्या तेलापासून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा सुमारें एकतृतीयांश भागच काय तो चाक फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेल्या उष्णतेपैकीं कांहीं धुराबरोबर निघून जाते व कांहीं एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते, असें मी सांगत होतों. तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, पैसे देऊन घेतलेल्या तेलाची उष्णता जर अशी वायां जाते, तर ती कोणी अडवून उपयोगांत आणीत नाहींत काय?" प्रश्न मोठा मार्मिक होता. परंतु तितक्यांत तासाची घंटा झाली व उत्तर अपुरें राहिलें. तें येथें पुरें करीत आहें.

उत्तर असें कीं, अडवितात. आणि ही युक्ति अगदीं सुटसुटीत स्वरूपांत जेथें पाहावयास सांपडते तें ठिकाण म्हणजे सफरीची लहान नौका होय. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर खाड्यांची व बेटांची गर्दी आहे. उन्हाळ्यांत तेथील कित्येक कुटुंबें नऊ-दहा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकांतून आठवडा-पंधरवडा या बेटांमधून हिंडतात. नौकेंतच निजणें, नौकेंतच स्वयंपाक. शीड तर असतेंच, पण वारा पडला किंवा धक्क्याला लागावयाचें झालें म्हणजे उपयोगी पडावें म्हणून वीस-एक अश्वशक्तीचें डिझेल एंजिनहि असतें. तेथील समुद्राचें पाणी भर उन्हाळ्यांतहि तेरा-चौदा अंश सेंटिग्रेडच्या फारसें वर जात नाहीं. अशा ठिकाणीं पावसानें व लाटांनीं भिजलेल्या माणसाचीं बोटें इतकीं बधिर होतात कीं, दोरीची साधी गांठहि त्यास सोडवत नाहीं. अंगावर वाळलेलें मीठ धुतलें गेलें नाहीं तर कातडी चरचरते व तिला फोड येतात. खरकटीं भांडीं थंड पाण्यानें निघत नाहींत. तेव्हां अशा नौकेवर ऊन पाणी ही चैन नसून आरोग्याची व कधीं कधीं जिवाच्या सुरक्षिततेचीहि बाब आहे.

पूर्वींचे नाविक यासाठीं काय करीत? जॉन मॅकग्रेगर या स्कॉच वकिलाचें उदाहरण घ्या. या गृहस्थानें १८६७ सालीं 'रॉब रॉय' नांवाच्या अवघ्या २१ फूट लांबीच्या नौकेंतून इंग्लंडहून पॅरिसच्या प्रदर्शनाकडे सफर केली आणि परततांना खाडी एकट्यानें ओलांडली. तो मोठा भाविक होता. वाटेंत भेटणाऱ्या खलाशांस तो धर्मविषयक पुस्तिका वांटीत असे. त्याच्याजवळ ऊन पाणी करण्याचें साधन म्हणजे स्पिरिटवर चालणारी एक लहानशी शेगडी, इतकेंच. एका माणसाच्या चहाला तेवढें पुरे. परंतु चार माणसांचें कुटुंब व त्यांत लहान मुलें असलीं म्हणजे तेवढ्यानें भागत नाहीं. शिवाय हलत्या नौकेंत उकळत्या किटलीची ने-आण करणें धोक्याचें असतें.

किटली सोडली तर तीन मार्ग उरतात. त्यांपैकीं पहिला गॅसच्या गीझरचा. पाणी लगेच तापतें हें खरें. पण बंदिस्त खोलींत गॅस जळला आणि हवा अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक सहजतेनें संयोग पावतो. आपल्याकडेहि बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालू ठेवल्यामुळें माणसें दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येतात, त्यांचें कारण हेंच. नौकेंत दुसरीहि एक भीति आहे. हा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळूं लागला तर बाहेर न जातां नौकेच्या तळाशीं सांचतो व एका ठिणगीनें भडकतो. म्हणून ज्याची हवा बाहेरून येते व धूरहि नळींतून थेट बाहेर जातो असा पूर्णपणें बंद गीझर असल्यावांचून नौकेवर या मार्गाला लागूं नये.

दुसरा मार्ग विजेचा. याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. टांकी २० लिटरची धरा आणि पाणी १५ अंशांपासून ७५ अंशांपर्यंत तापवावयाचें आहे असें समजा. म्हणजे २० गुणिले ६०, अर्थात् १२०० किलोकॅलरी लागल्या. विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हां सुमारें १.४ युनिट वीज हवी. आतां नौकेवरील १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यांत एकंदर १.२ युनिटच वीज असते! म्हणजे टांकी तापण्यापूर्वींच बॅटरी रिकामी व्हावयाची, आणि दिवे व रेडिओ बंद पडावयाचे. बंदरांत धक्क्यावरील विजेची तार जोडली असेल तेव्हां मात्र ७५० वॅटचा विजेचा दांडा तेंच काम दोन तासांच्या आंत करतो.

राहिला तिसरा मार्ग, आणि तोच त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आहे. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें ८,६०० किलोकॅलरी उष्णता निघते. नौकेचें एंजिन तासाला दोन लिटर तेल जाळतें असें धरलें तर १७,२०० किलोकॅलरी झाल्या. त्यांपैकीं केवळ चौथा हिस्सा एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यांत गेला असें मानलें तरी ४,३०० किलोकॅलरी होतात. आपल्याला हव्या होत्या १२००. म्हणजे टांकीभर पाणी तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या तिपटीहून अधिक उष्णता दर तासाला समुद्रांत फेंकली जात असते! ती वाटेंत अडवावयाची, एवढेंच काम.

तें साधणाऱ्या टांकीला कॅलॉरिफायर म्हणतात. नांव अवघड असलें तरी वस्तु ओळखीची आहे. आपल्या आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा. त्याच्या मधोमध नळकांडें असतें, त्यांत निखारे असतात व भोंवतीं पाणी असतें. उष्णता बाहेरून न लावतां पाण्याच्या पोटांतच ठेविल्यामुळें थोड्या जळणांत पुष्कळ पाणी तापतें. कॅलॉरिफायर हा असाच एक बंब समजावा. निखाऱ्यांच्या नळकांड्याऐवजीं त्याच्या पोटांत नळीचें एक वेटोळें बसविलेलें असतें आणि त्या वेटोळ्यांतून एंजिनांतील सुमारें ८० अंशांचें तापलेलें पाणी फिरतें. एंजिनांतलें पाणी व न्हाण्याचें पाणी एकमेकांत मिसळत नाहीं. नळीच्या धातूंतून फक्त उष्णता पलीकडे जाते. टांकीला बाहेरून जाड फेसाळ वेष्टन असतें, त्यामुळें सायंकाळीं तापलेलें पाणी सकाळपर्यंत कोमट तरी राहतें. एंजिन अर्धा-एक तास चाललें कीं टांकी तयार. स्कॉटलंडांतील कॅलेडोनियन कालव्यांतून जाणाऱ्या नौकांस तर ऊन पाण्याचा तोटाच नसतो. टेलफर्ड या स्थापत्यविशारदानें बांधलेला व १८२२ सालीं खुला झालेला हा कालवा ६० मैलांचा आहे, त्यांत २९ जलद्वारें आहेत आणि त्याच्या खोदलेल्या भागांत नौकांना एंजिनावरच चालावें लागतें.

आतां हा बंब बसवावयाचा कसा तें पाहूं.

प्रथम जागा. पाण्यानें भरलेली २० लिटरची टांकी टांकीच्या वजनासह तीस किलोच्या वर भरते. नौका एका कुशीवर कलते, कधीं लाटेवरून दाणकन् आपटते. अशा वेळीं सुटलेली टांकी तोफेच्या गोळ्यासारखी आंत फिरेल. म्हणून ती खालीं, नौकेच्या मध्यरेषेच्या शक्य तितकी जवळ ठेवावी आणि भक्कम लांकडी बैठकीला बोल्टांनीं व धातूच्या पट्ट्यांनीं जखडावी. एंजिनापासून ती दूर नसावी, कारण नळ्या लांबल्या कीं उष्णता वाटेंतच जाते. तशीच ती तोट्यांपासूनहि फार दूर नसावी. अर्ध्या इंचाच्या पांच मीटर नळींत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी राहतें. ऊन पाणी हातीं येईपर्यंत तेवढें थंड पाणी प्रत्येक वेळीं सांडून जातें, आणि गोडें पाणी मोजकेंच असलेल्या नौकेवर हा अपव्यय लहान नव्हे.

दुसरी गोष्ट एंजिनाची जोडणी. नौकेच्या एंजिनांत बहुधा पाण्याचे दोन फेरे असतात. आंतला फेरा गोड्या पाण्याचा; तो एंजिनाची उष्णता घेतो. बाहेरचा फेरा समुद्राच्या पाण्याचा. तो आंतल्या पाण्याला थंड करून पुनः समुद्रांत जातो. टांकीचें वेटोळें आंतल्या फेऱ्याला जोडावयाचें असतें. एंजिनावर एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. एंजिन पुरेसें तापेपर्यंत ती बंद राहते. ऊन पाणी या झडपेच्या अलीकडून घ्यावें व पंपाच्या तोंडाशीं परत सोडावें, म्हणजे झडप उघडण्यापूर्वींच टांकी तापूं लागते. बहुतेक एंजिनांवर कारखानदारानेंच याकरितां दोन तोंडें ठेविलेलीं असतात. वेटोळें एंजिनाच्या पाणी भरण्याच्या तोंडापेक्षां खालीं असावें. तें वर गेलें तर नळींत हवेचा बुडबुडा अडकतो. पाणी फिरत नाहीं, टांकी थंड राहते व एंजिन मात्र भलतेंच तापतें. म्हणून जोडणी झाल्यावर उंच जागेवरून हवा काढून टाकावी, एंजिन एकदां चालवून पूर्ण थंड होऊं द्यावें व नंतर पाण्याची पातळी पुनः पाहावी. ऊन एंजिनाचें झांकण कधींहि उघडूं नये.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. एंजिनाचें पाणी गोठूं नये म्हणून त्यांत ग्लायकोल नांवाचें द्रव्य मिसळतात. त्याचा एथिलीन ग्लायकोल हा नेहमींचा प्रकार विषारी आहे. वेटोळ्याला सुईएवढें छिद्र पडलें तरी तें न्हाण्याच्या पाण्यांत उतरूं शकतें. म्हणून नौकेवरील ऊन पाण्याच्या तोटीचें पाणी पिऊं नये, व एंजिनांतील पाण्याची पातळी विनाकारण घटूं लागली तर वेटोळें तपासून घ्यावें.

तिसरी गोष्ट तोट्यांकडील जोडणी. थंड पाणी टांकीच्या तळाशीं शिरतें व ऊन पाणी माथ्याकडून निघतें. ऊन पाणी हलकें असल्यामुळें वर राहतें, आणि खालून येणारें थंड पाणी त्याला वर ढकलीत जातें. थंड पाण्याच्या नळीवर एकमार्गी झडप बसवितात; नाहीं तर तापलेलें पाणी उलट जाऊन थंड पाण्याच्या तोटींतूनहि ऊन पाणी येऊं लागतें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि मनुष्य नेमकी हीच विसरतो. घरच्या बंबाचें तोंड उघडें असतें; पाणी कितीहि तापलें तरी वाफ वर निघून जाते. नौकेवरील टांकीचें तसें नाहीं. तींत पाणी पंपाच्या जोरानें येतें, म्हणून ती चहूंकडून बंद ठेवावी लागते. आणि त्या एकमार्गी झडपेमुळें पाण्याची परतीची वाटहि बंद झालेली असते. पंधरा अंशांचें २० लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापलें कीं तें सुमारें अर्ध्या लिटरनें फुगतें. पाणी दाबून लहान करतां येत नाहीं. मग हें अर्धा लिटर पाणी जावें कोठें? त्याला वाट दिली नाहीं तर तें टांकीची शिवण उसवून वाट करील. त्यासाठीं टांकीवर सुरक्षा-झडप बसवितात. दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला कीं ती उघडते व थोडें पाणी बाहेर सोडते. हें वारंवार होऊं नये म्हणून रबरी पडदा असलेलें एक लहान हवेचें भांडेंहि जोडतात. वाढलेलें पाणी त्यांत सामावतें. विजेचा दांडा असेल तर धोका अधिकच. एंजिनाचें पाणी आपल्या मर्यादेंत राहतें. पण दांड्याचा नियामक बिघडला तर दांडा तापतच राहतो. दाबाखालील पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनहि पाणीच राहतें, आणि टांकी फुटतांक्षणीं त्यांतील कांहीं भागाची एकदम वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारें सोळाशें पट जागा लागते. यावरून त्या स्फोटाची कल्पना करावी.

हें मी केवळ पुस्तकावरून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या बिऱ्हाडीं विजेचा गीझर होता. त्याच्या झडपेंतून थेंब थेंब पाणी ठिबके. मीं एका कारागिराला बोलाविलें. त्यानें ठिबकणाऱ्या नळीच्या तोंडांत बूच ठोकलें व "आतां गळणार नाहीं" असें सांगून तो गेला. फरशी कोरडी राहूं लागली म्हणून आम्हांला समाधान वाटलें. उष्णतेचा धडा दरवर्षीं शिकविणाऱ्या मलाहि त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं, हें सांगावयास लाज वाटते. महिन्याभरानें एके सकाळीं गीझरांतून ठोके पडल्यासारखा आवाज येऊं लागला. पाहतों तों त्याची एक बाजू फुगलेली! धांवत जाऊन मुख्य बटण बंद केलें व मुलांना घराबाहेर काढलें. नियामक बिघडला होता, आणि वांचविणाऱ्या झडपेचें तोंड आम्हींच बंद केलें होतें. देवाच्या कृपेनें कोणास इजा झाली नाहीं. तेव्हांपासून मी वर्गांत सांगत आलों आहें: सुरक्षा-झडपेच्या नळीला बूच नको, तोटी नको, गांठ नको, तिचें तोंड नेहमीं मोकळें, खालीं वळलेलें व कोणाच्या अंगावर पाणी येणार नाहीं अशा ठिकाणीं असावें. ती सतत ठिबकत असेल तर ती कांहींतरी सांगत असते. तिचें तोंड न दाबतां कारण शोधावें.

पांचवी व शेवटची गोष्ट भाजण्याची. साठ अंशांच्या पाण्यानें मोठ्या माणसाची कातडी सुमारें पांच सेकंदांत खोलवर भाजते; मुलांची त्याहूनहि लवकर. मग पाणी कमी तापवावें काय? तसेंहि नाहीं. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या सांचलेल्या पाण्यांत लीजिओनेला नांवाचे रोगजंतु वाढतात व त्यांपासून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. पाणी साठ अंशांपर्यंत तापविलें म्हणजे ते मरतात. म्हणून टांकींत पाणी चांगलें तापवावें, आणि बाहेर पडतांना त्यांत थंड पाणी आपोआप मिसळणारी झडप बसवावी. यांत कांटकसरहि साधते. ७५ अंशांच्या २० लिटर पाण्यांत १५ अंशांचें थंड पाणी मिसळून न्हाण्याजोगें ४० अंशांचें पाणी केलें तर तें किती होईल? विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा. उत्तर ४८ लिटर येईल.

सर्व जोडणी झाली म्हणजे प्रथम टांकी थंड पाण्यानें भरावी. ऊन पाण्याची तोटी उघडी ठेवून हवेचा खळखळाट थांबेपर्यंत पाणी वाहूं द्यावें व प्रत्येक सांध्यावर कोरडें फडकें फिरवून गळती पाहावी. मग एंजिन चालवावें. टांकी रिकामी असतां विजेचा दांडा कधींहि सुरूं करूं नये, आणि विजेची जोडणी जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी. थंड देशांत हिवाळ्यापूर्वीं टांकी रिकामी करतात. कारण पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें व धातूलाहि फोडतें.

आपल्यापैकीं कितीजण पुढें नौकेंतून सफर करतील कोण जाणे. तरी त्या मागच्या बांकावरील प्रश्नाचें मोल कमी होत नाहीं. शुभवर्तमानांत आपण वाचतों कीं, पांच हजारांची भूक भागल्यावरहि प्रभु येशूनें उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले. ज्याला भाकरींची वाण नव्हती त्यानें तुकड्यांची कदर केली. जी उष्णता जगानें टाकाऊ मानली तिच्यावर एका कुटुंबाचें स्नान, भांडीं व मुलांची ऊब भागते, हें पाहिलें म्हणजे त्या शिकवणीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

पालकांना मात्र एक विनंति आहे. हा अंक खालीं ठेवल्यावर आपल्या न्हाणीघरांतील गीझरकडे एकदां पाहावें. त्याच्या सुरक्षा-झडपेचें तोंड मोकळें आहे ना, आणि गीझर गॅसचा असल्यास खोलींत हवा येण्यास वाट आहे ना, एवढें तपासावें. संशय आला तर आजच तो बंद ठेवून जाणत्या माणसास बोलवावें. हें काम पांच मिनिटांचें आहे. आमच्या घरीं तें वेळेवर झालें नव्हतें.